पितळेच्या गायीचा वर्कफ्लो

बसा जी, बसा. हा किस्सा उभ्यानं आयकायचा नाही. अर्ध्यात टोंगळे दुखतीन अन् दोष मले लावान. आमच्या घनश्यामभाऊनं गाय कशी बनवली, ते सांगतो तुम्हाले. खरी गाय नाही. पितळेची, अन् तेही नुसतं मुंडकं. पण बनलं कम्प्युटरवर, तेही दोन कम्प्युटरवर, दोन तऱ्हेच्या सॉफ्टवेअरात, अन् मधात घनश्यामभाऊ. गावाचं नाव सांगत नाही. आंधळगावच्या अलीकडं आहे, एवढं समजून घ्या. नाव सांगितलं तर उद्यापासून मले तिथं कोणी पाणी पाजणार नाही, अन् हा सारा किस्साच पाण्याचा आहे.

घनश्याम निपान्याचं चौकात साडीचं दुकान. बाप मागावर कोशाचं रेशीम विणत गेला. याच्या हाताले माग लागला नाही, कैची तेवढी लागली. माणूस गरीब स्वभावाचा, पण इज्जत लय मोठी. अंगापेक्षा दोन नंबर मोठी शिवलेली. चालताना पायात येते.

तर त्या चौकात पाणपोई आहे, घनश्यामच्या बापानं बांधलेली. भिंतीले सिमेंटची गाय होती, तिच्या तोंडातून नळाचं पाणी पडे. माणसं पीत, ढोरं पीत, लग्नातली पोट्टी तर गायीच्या तोंडात हात घालून दात शोधत. मागच्या उन्हाळ्यात भैय्यालालनं धानाची ट्रॉली मागं घेतली अन् गायीचं थोबाड सपाट झालं. भैय्यालाल घनश्यामचा शेजारी. दिलदार माणूस. त्यानं तिथल्या तिथं कबूल केलं का चूक गायीची आहे.

"रस्त्याच्या इतक्या जवळ तोंड काढते का गा कोणी?" तो म्हणे.

राहिला तो भिंतीतून निंगलेला उघडा पाईप. पाणी तसंही येतच होतं, गावाचं काही अडलं नाही. अडलं घनश्यामच्या मायचं. कौशल्याबाई सांजची देवळातून येताना तिथं ओंजळभर पाणी पिये. नवऱ्याच्या हातची गाय होती ती. तिनं पाईप पाह्यला, पदर खोचला अन् घरी येऊन सांगितलं, "नालीले तोंड लावून पीन का मी? गायीच्या तोंडातून पाणी येत नाही तोवर मले चहा नोको."

आता लोकं वांगं सोडतात, साखर सोडतात. ज्याचा तसाही कंटाळा आला असते ते देवाच्या नावानं सोडतात. ही बाई चहा सोडून बसली. जिचा सकाळचा चहा दुपारच्या चहाले जाऊन भेटे, ती. बुढी दुसऱ्या कोणाले प्यायची मनाई करे नाही, हाच तर जाच. ती नुसती पाहे. कपाच्या बुडापर्यंत पाहे. घनश्यामची बायको रत्नमाला घरामागच्या सांदवाडीत गोवऱ्यांच्या मागं बसून चहा पिऊ लागली. घनश्याम स्टँडवरच्या ठेल्यावर पिये अन् घरी येताना तोंड पुसून ये, दारू पिऊन आल्यासारखा. हसण्यावारी नेलं असतं जी, पण बुढीचा नाश्ता म्हणजे चहात बुडवलेली पोळी. चहा गेला, त्याच्या मागं पोळी गेली. पावसाळा सरेस्तोवर तिच्या लुगड्याले कमरेशी एक वेढा जास्त पडू लागला. तो वेढा घनश्यामले दिसे. तिच्यासमोर बोलायची मात्र कोणाची हिंमत नव्हती.

गवंडी म्हणे, सिमेंटची दुसरी करून देतो, त्यात काय आहे. हा किस्सा इथंच संपला असता, मीही घरी गेलो असतो. पण तेवढ्यात आला धर्मेंद्र.

धर्मेंद्र म्हणजे रत्नमालाचा भाऊ. मोहाडीले फ्लेक्स छापते. त्याच्या कम्प्युटरवर माणसाच्या गळ्यात सोन्याची चेन चढते, टकलावर केस उगवतात, अन् ज्याले गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही तो युवा नेता होते. फावल्या वेळात तो कम्प्युटरातच गणपती घडवे.

"भाऊजी, सिमेंट कायले?" तो म्हणे. "पितळेच्या भांड्यांच्या भंडारा जिल्ह्यात राहता अन् सिमेंट? पितळेची करा. मुंडकं मी कम्प्युटरवर घडवतो, प्लास्टिकचं छापून आणू, त्याच्यावरून भंडाऱ्याले पितळ ओतून घेऊ. मंडईच्या दिवशी उद्घाटन!"

मंडई म्हणजे दिवाळीमागचा आमचा बाजार. नाचगाण्याची दंडार, नाटक, अन् घरोघरी इतके पाहुणे का झोपाले आंगणही पुरत नाही. त्या गर्दीसमोर पितळेची गाय. घनश्यामच्या इज्जतीनं तिथल्या तिथं आणखी एक नंबर वाढवून घेतला.

स्वयंपाकखोलीच्या दारातून सून म्हणे, "मामाजी, गाय बनन, पण नळाले कशी बसन?"

सून म्हणजे रेणू. घनश्यामच्या पोराची, हेमराजची बायको; सासऱ्याले मामाजी म्हणे. हेमराज दुकानात बसते अन् घरातलं भांडण आलं का हिशोब करायले गोडाऊनमध्ये जाते, म्हणून या किस्स्यात तो तुम्हाले दिसणार नाही. रेणू शिकलेली, एका कारखान्यासाठी मशीनच्या पार्टाचे नकाशे काढे. लॉकडाऊनपासून घरूनच.

आता हे दोन कम्प्युटर समजून घ्या. मी काही शिकलेलो नाही, पण घनश्यामभाऊनं मले इतक्या वेळा समजावलं का आता मी शिकवणी घेऊ शकतो. रेणूच्या सॉफ्टवेअरात सारं मापाचं. एक रेघ मारली का तिच्या डोक्यावर आकडा येऊन बसते. भोक म्हटलं तर एवढंच भोक, केसाएवढं इकडं नाही का तिकडं नाही. नळी, आटे, नट, हे त्याचं काम. पण त्याले गाय काढा म्हणा, तो खोकं काढन अन् त्याले शिंगं लावन. धर्मेंद्रचं उलटं. त्याच्यात सारी जाळी. मासोळ्या धरायच्या जाळ्यासारखी, तिकोन्या-तिकोन्याची. इथून ओढली का नाक, तिथून दाबली का डोळा. गाय अशी निंगते का वाटते आता हंबरन. पण माप विचारा, तो म्हणन, "दिसाले बरोबर दिसते ना? मंग झालं."

गायीले दोन्ही पाहिजेत. थोबाड जाळीचं, मान मापाची. घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या. रत्नमाला भावाच्या बाजूनं, बुढी नातसुनेच्या बाजूनं, अन् घनश्याम पेन ड्राइव्हच्या बाजूनं, कारण तो घेऊन मोहाडीले जायचं काम त्याचं.

"याले वर्कफ्लो म्हणतात मामाजी," रेणूनं सांगितलं.

घनश्यामले तो शब्द इतका आवडला का साडी दाखवता दाखवताही वापरे. वर्कफ्लो म्हणजे काम कोणाच्या घरून निंगून कोणाच्या घरी जाते ते. आपल्या इकडं याले चकरा म्हणतात.

पहिले गाय पाहिजे होती. धर्मेंद्रचं म्हणणं, मनानं घडवली तर फ्लेक्सवरची दिसन. खऱ्या गायीचे चहूबाजूनं फोटो काढायचे, कम्प्युटर ते जोडून मुंडकं उभं करते. अट एकच, गायीनं हलायचं नाही. ही अट गायीले कोणी सांगायची, याच्यावर काही विचार झाला नव्हता. घनश्याम मोबाइल घेऊन मागच्या गल्लीतल्या बेबीबाईच्या गोठ्यात शिरला अन् तिच्या गायीभोवती फिरू लागला.

"काहून जी घनश्यामभाऊ," बेबीबाई ओरडली, "माह्या गायीभोवती फेरे घेऊन राहिले? लगन लावता का?"

"फोटो पाहिजे बेबीबाई. हिचं तोंड पाणपोईले लागन."

"मंग थांबा ना! अशाच अवतारात काढता का तिचा फोटो?" बेबीबाईनं गायीचं तोंड धुतलं, हळदकुंकू लावलं, शिंगाले तेल लावलं. गाय खुश झाली अन् खुशीत तिनं घनश्यामच्या खांद्यावरचा दुपट्टा चघळाले घेतला. फोटो निंगले, पण कम्प्युटरनं जोडले तेव्हा गायीले तीन कान अन् दोन जिभा होत्या, अन् एका जिभेवर दुपट्ट्याची किनार. धर्मेंद्र म्हणे, "टेन्शन नोका घेऊ भाऊजी, एक कान अन् एक जीभ पुसून टाकतो." त्यानं पुसलं. कबूल करतो, गाय मोठी देखणी झाली. पापण्यासुद्धा होत्या.

पेन ड्राइव्ह रेणूकडं आला. तिनं फाइल उघडली, पडद्यावर काही नाही. मोठं करत करत गेली तेव्हा कोपऱ्यात मुंगीएवढी गाय सापडली. धर्मेंद्रकडं माप मीटरचं, रेणूकडं मिलिमीटरचं, अन् जाळीच्या फाइलीत माप कशाचं आहे ते लिहूनच नसते. नुसता आकडा येते. मीटर समजा का मिलिमीटर, तुमची मर्जी. तिनं गाय मोठी केली, तर तिच्यात इतके तिकोने निंगले का लॅपटॉप तापून बंद पडला. वरून गाय बंद नव्हती. जाळी नाकपुडीत उघडी होती, अन् उघड्या जाळीतून मापाचं भोक पाडता येत नाही म्हणे.

"धर्मूमामाले सांगा, गायीच्या नाकात भोक आहे," रेणू म्हणाली.

घनश्याम मोहाडीले गेला. धर्मेंद्र म्हणे, "भाऊजी, नाकात भोक राहीन नाही तर काय राहीन? त्या पोरीनं कधी गाय पाह्यली नाही का?"

हा निरोप घेऊन घनश्याम घरी आला. मधात रत्नमालानं आयकला, म्हणे, "माह्या भावाच्या गायीत खोट काढते! खुद तर डब्याचे झाकणं काढते दिवसभर." मशीनच्या पार्टाले ती डब्याचे झाकणं म्हणे.

शेवटी जाळी हलकी झाली, नाक आतून बंद झालं. रेणूनं मानेत नळी टाकली, नळीले आटे पाडले, पाऊण इंची पाईपावर फिरवून बसन असे. जोडून पाहाले फाइल परत मोहाडीले गेली. धर्मेंद्रनं मानेत त्या बारीक रेघा पाह्यल्या. इतक्या सुंदर गायीच्या मानेले सुरकुत्या! त्यानं प्रेमानं ब्रश फिरवला अन् सारे आटे गुळगुळीत करून टाकले. रेणू त्या रात्री जेवली नाही.

आता तुम्हीच सांगा, याच्यात घनश्यामचा काय गुन्हा? पण दोन्हीकडचं आयकाले तोच. मंग मात्र त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हुकूम काढला. दोघांले आपल्याच ओसरीत एका टेबलावर बसवलं, मधात स्वतः पंखा घेऊन लॅपटॉपले वारा घालत. अन् काय चमत्कार, दुपारभरात काम झालं. ठरलं असं का पहिले धर्मेंद्रनं गाय बंद करून, हलकी करून द्यायची, मंग रेणूनं माप लावायचं, नळी अन् आटे सगळ्यात शेवटी.

"अन् त्याच्यानंतर कोणी हात लावायचा नाही मामाजी," रेणू म्हणे. "कोणी म्हणजे कोणीच. कपाळाची कातडी पातळ ठेवली आहे, आतून पोकळ आहे. जराही इकडं तिकडं केलं तर सारं बिघडन."

"माह्या जिवात जीव असेपर्यंत कोणी हात लावणार नाही," घनश्याम म्हणाला. मीच तिथं होतो, पंखा बदलून माह्या हातात आला होता.

नागपूरहून प्लास्टिकचं मुंडकं छापून आलं. आंगणातल्या नळाले बसवलं. फिरवलं, फिरवलं, कट करून बसलं. नळ सोडला अन् गायीच्या तोंडातून अशी धार पडली जी, का रत्नमाला अन् रेणू एकमेकीकडं पाहून हसल्या. बुढी खाटेवरून उठून आली. पाह्यलं. म्हणे, "हेच लावून दे ना बापा."

काय बिघडलं असतं? सांजले बुढीनं चहा पेला असता. पण घनश्यामच्या डोळ्यासमोर मंडईची गर्दी. "पिलाष्टिकची गाय? माय, लोकं काय म्हणतीन!" बुढी पदरानं तोंड पुसून परत खाटेवर जाऊन बसली, अन् बसताना तिनं खाटेचा माचवा धरला. पहिले धरत नव्हती.

आता पितळ पाहिजे. घनश्यामनं गावात सांगितलं, ज्याच्या घरी जुनं पितळ असन त्यानं द्यावं, पुण्याचं काम आहे. लोकांनी दिलं, असं नाही का नाही दिलं. कोणी पाण्याचा गुंड, कोणी भाताचा गंज, कोणी परात. भैय्यालालनं चेपलेला लोटा आणून दिला अन् आणताना तो चौकातून फिरवून आणला. पण आपल्याकडं भांडं म्हटलं का त्याच्यावर नाव आलं. आजीच्या लग्नातला गुंड, त्याच्यावर आजीच्या मामाचं नाव ठोकलेलं. गंजावर आत्याचं. ते वितळणार, म्हणजे नाव वितळणार. लोकांच्या हे लक्षात आलं, अन् सारे एकामागं एक ओसरीवर.

"काही नाही गा घनश्याम," भैय्यालाल म्हणे, "माह्या लोट्यावर बाबाचं नाव होतं. ते जाते. तर त्या जागी गायीवर जरासं माह्यं टाकून दे."

"बाबाचं का नाही?"

"बाबा आता कोठं वाचाले येते?"

बेबीबाईनं पितळ दिलं नव्हतं, पण तोंड तिच्या गायीचं. "गायीचं नाव टाका, कपिला. अन् खाली 'बेबीबाईची'. नाही तर लोकं कोणाचीही समजतीन."

मंग निंगाली ग्रामपंचायत. पाणपोई सार्वजनिक, तिच्यावर काही बसवायचं तर परवानगी. ग्रामसेवक भला माणूस, नियमाचा. त्यानं विचारलं, "गाय कायमची राहणार का तात्पुरती?" घनश्याम म्हणे कायमची. "मंग बांधकामात येते. नकाशा लागन." रेणूनं असा नकाशा काढून दिला का त्यानं आपल्या नोकरीत तसा पाह्यला नसन. तो बराच वेळ उलटा धरून पाहात होता. मंग म्हणे, "सारं ठीक आहे. फक्त लोकार्पणाची पाटी. सरपंच, उपसरपंच, सदस्य मंडळ, सचिव." पाटी लावाले भिंतीवर जागा नव्हती; तिथं कोण्या क्लासची जाहिरात होती. "मंग गायीवरच टाकून द्या ना," ग्रामसेवक म्हणे. "गाय तर रिकामीच आहे."

आता पाहा. गायीचं कपाळ ते केवढं! रेणूले सांगायची सोय नव्हती, तिनं गाय लॉक केली होती, म्हणजे कोणी हात लावायचा नाही असं बजावलं होतं. अन् या साऱ्यांचं नाव टाकायचं म्हटल्यावर घनश्यामच्या मनात आलं, ज्यानं सारं जमवलं त्याचं नाव नसन तर बरं दिसन का? ते तर मधोमध पाहिजे. दोन शिंगांच्या मधात. तो गुपचूप पेन ड्राइव्ह घेऊन मोहाडीले गेला.

"धर्मेंद्र, गाय थोडी मोठी कर. नावं मावली पाहिजेत."

"कितीक मोठी?"

"नावं मावन तितकी."

धर्मेंद्रनं कोपरा धरला अन् ओढला. गाय मोठी झाली. कपाळ मोठं झालं, शिंगं मोठी झाली, पापण्या मोठ्या झाल्या. अन् जी, मान मोठी झाली, मानेतली नळी मोठी झाली, नळीतले आटे मोठे झाले. त्या सॉफ्टवेअरले काय माहीत का पाईप तेवढाच आहे? त्याले तर सारं सारखंच, जाळीच जाळी. मंग त्यानं नावं कोरली. खोल कोरली, पितळ घासल्यावरही दिसली पाहिजेत म्हणून. कातडी पातळ आहे, हे घनश्यामले आठवलं होतं का नाही, मी विचारलं नाही. मोठेपणाच्या टाइमाले माणसाले काय आठवते?

भंडाऱ्याले परसराम म्हणून पितळ ओतणारा. त्यानं नागपूरहून नव्यानं छापून आणलेलं मोठं प्लास्टिकचं मुंडकं हातात घेतलं, सारी नावं वाचली, वाचत वाचत हनुवटीपर्यंत आला, अन् गाय ओतून झाली तेव्हा हनुवटीवर आणखी एक नाव होतं. परसराम. मोबाइल नंबरासकट.

मंडईच्या सकाळी गाय पोत्यात गुंडाळून चौकात आली. घनश्यामनं पोतं काढलं अन् पाईपावर मान चढवली. ती सर्रकन आत गेली अन् सर्रकन बाहेर आली, बाईच्या हातात बाप्याची अंगठी घातल्यावानी.

रेणूनं पाह्यलं. खिशातून, म्हणजे पर्समधून, तिनं टेप काढला, माप घेतलं, मंग कपाळ वाचलं. सासऱ्यावर सुना ओरडत नाहीत, म्हणून ती हळू बोलली, अन् हळू बोललेलं जास्त लागते. "मामाजी. कोणी हात लावला?"

"थोडी मोठी दिसून राहिली का?" घनश्याम म्हणे.

धर्मेंद्र तिथंच उभा होता. त्याले एकदम फोन आला. त्याचा मोबाइल वाजलाही नव्हता.

आता परत ओतायले टाइम नाही. पाहुणे आले, दंडारीचा ढोल सुरू झाला. घनश्यामनं दुकानातून कोशाच्या चिंध्या आणल्या, पाईपाले गुंडाळल्या, वरून सुतळी, वरून नळवाल्याचा सफेदा, अन् गाय ठोकून बसवली. बसली. हलत नव्हती. लांबून पाहाल तर सोन्याची वाटे. बुढीले खुर्ची टाकून समोर बसवलं. सरपंच विमलाबाईनं नारळ फोडला अन् नळ सोडला.

तोंड कोरडं.

सारे गायीच्या तोंडाकडं पाहून राहिले. आतून गुडगुड आवाज आला. मंग भैय्यालालच्या नावातून एक थेंब निंगाला.

"आलं! माह्यातून आलं!" भैय्यालाल ओरडला.

मंग काय सांगू जी तुम्हाले. पाणी ढिल्या नळीतून निसटलं, पोकळ मुंडक्यात भरलं, अन् पातळ कपाळावर जिथं जिथं नाव कोरलं तिथून फुटलं. सचिवाच्या नावातून पिचकारी, सदस्य मंडळातून फवारा, बेबीबाईच्या नावातून बारीक धार. घनश्यामचं नाव सगळ्यात मोठं, तिथून तर अशी चादर पडे का नाव वाचताही येत नव्हतं. फक्त तोंडातून काही नाही. पोट्टे नाचाले लागले. बाहेरगावचे पाहुणे समजले, हीच गंमत आहे, अन् टाळ्या वाजवू लागले. लोकं आपापल्या नावाखाली ओंजळ धरून पाणी पीत होते. उपसरपंच सरपंचाच्या धारेकडं पाहून म्हणे, "यांची जास्त कशी काय?" अन् ग्रामसेवक त्याले समजावत होता का पदानुसार आहे.

भैय्यालाल कौशल्याबाईले म्हणे, "झालं ना बाई! गायीतून पाणी आलं. प्या आता चहा."

बुढी खुर्चीतच होती. म्हणे, "तोंडातून म्हटलं होतं मी."

"अवो, कपाळ काय अन् तोंड काय, एकाच गायीचं..."

"तू कपाळानं जेवते का गा?" बुढी म्हणाली, अन् उठाले गेली. उठवलं नाही. खुर्चीचे हात धरून तिथंच परत बसली. रेणू धावली, पण घनश्यामनं ते पाह्यलं होतं. पहिल्यांदा त्यानं गायीकडं पाहायचं सोडून मायकडं पाह्यलं.

त्यानं नळ बंद केला. हार्डवेअरच्या दुकानातून एमसील आणलं, फडक्यानं कपाळ कोरडं केलं, एमसील मळलं अन् आपलं स्वतःचं नाव बुजवाले घेतलं. शिंगांच्या मधात, एक एक अक्षर. मंग परसरामकडं आला, नंबर बुजवला. मंग बेबीबाई. ती म्हणे, "कपिलाचं तेवढं राहू द्या, ते खोल नाही." ते खरंच खोल नव्हतं.

भैय्यालाल आडवा झाला. "माह्यं नोको बुजवू गा. माह्यातून जरासंच येते."

"बाजूले हो."

"माह्या लोट्याचं पितळ आहे त्याच्यात!"

"अन् माह्या बापाच्या गायीचं सिमेंट तुह्या ट्रॉलीत आहे. हो बाजूले."

भैय्यालाल झाला जी बाजूले. त्याले कोणी असं बोललं नव्हतं, अन् घनश्यामनं तर नाहीच. राहिली ग्रामपंचायत. ग्रामसेवक म्हणे, "सरपंचाचं नाव असं बुजवता येत नाही. ठराव लागन."

"मंग ठराव होईपर्यंत माह्या मायले चहा तुम्ही पाजून दाखवा."

ग्रामसेवकानं बुढीकडं पाह्यलं. बुढीनं त्याच्याकडं पाह्यलं, कपाच्या बुडापर्यंत पाहे तसं. विमलाबाईच मंग पुढं आल्या. "बुजवा हो भाऊ. माह्या नावातून लोकाईच्या चपला भिजून राहिल्या." सरपंच बुजल्यावर बाकीचे कशाले उघडे राहतात?

एमसील घट्ट व्हायले टाइम लागते. तोवर गर्दी दंडार पाहाले पांगली. घनश्याम अन् रेणू तिथंच भिंतीले टेकून बसले. तो म्हणे, "तू बोलून टाक, जे बोलायचं ते." ती म्हणे, "पुढच्या वेळी फाइल माह्याकडंच ठेवीन मामाजी." एवढंच.

मंग नळ सोडला. गुडगुड झालं. मुंडकं भरलं, अन् पाण्याले आता एकच रस्ता होता. गायीच्या तोंडातून पहिले थुंकल्यावानी आलं, मंग सरळ धार. बुढीले दोघांनी धरून नेलं. तिनं ओंजळ भरली, पेली. परत भरली, पेली. तोंड पुसून म्हणे, "घरी पोळी आहे का? शिळी असन तर बेस. अन् चहा मांडा, साखर हात आखडून नोका टाकू."

रत्नमाला गर्दीतून अशी धावली घराकडं का तिची चप्पल चौकातच राहिली.

तर आता माही एक विनंती आहे तुम्हाले. तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेले, तहान लागली, तर खुशाल थांबा. पाणी गोड आहे. गाय पाहा, हात जोडायचे असतीन तर जोडा. पण लोकं काय करतात, कपाळावरचे ते राखाडी पट्टे पाहतात अन् नखानं खरडून पाहतात का खाली कोणाचं नाव आहे. तसं नोका करू जी. ज्याचं नाव वाचायची हौस असन त्यानं माह्याकडं या, मी तोंडपाठ सांगतो, परसरामच्या नंबरासकट. एमसील मात्र राहू द्या. बुढी अजून रोज सांजची तिथं जाते, अन् तिच्या घरात चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं असते.